पनीर सुवलाकीचा खटला

पुण्यात ग्रीक पदार्थ सापडतात, ग्रीक हॉटेल मात्र शोधावं लागतं. कोरेगाव पार्कपासून बाणेरपर्यंत कितीतरी कॅफेंच्या मेनूकार्डावर ‘ग्रीक सॅलड’ असतं, दुकानाच्या फ्रिजात ग्रीक योगर्टचे डबे श्रीखंडाला खेटून बसलेले असतात, आणि पिट्याची ताटली आता लग्नाच्या बुफेतही दिसते. पण संध्याकाळी स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून पायात चपला सरकवून जावं, असं गल्लीतलं साधं ग्रीक हॉटेल आपल्याकडे अजून रुजायचं आहे. गोव्यात मारिकेटी ग्राना या ग्रीक बाईंनी उभं केलेलं ‘थलासा’ नावाजलेलं आहे. पण तिथे लोक सूर्यास्त बघायला आणि सुट्टी साजरी करायला जातात. मंगळवारी रात्री भाजी करायची राहिली म्हणून तिथे कोणी जात नाही.

पुण्यात असले प्रयोग करतात ते बहुधा आपलेच तरुण. त्यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून एक प्रश्न असतो: हॉटेल ग्रीसचं करायचं की गल्लीचं? बाणेरमधल्या अशाच एका लहान हॉटेलात दोघांची जुंपली. हॉटेलाचं नाव देत नाही, कारण वाद त्या हॉटेलाशी नाही. वसुआत्या कॅम्पातल्या एका शाळेतून इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. निनाद त्यांचा भाचा, शिक्षणासाठी मेलबर्नला राहून आलेला. मेनूकार्डावरच्या एका ओळीनं ठिणगी पडली: ‘पनीर सुवलाकी, तंदुरी त्झात्झिकीसोबत’.

निनाद: आत्या, उठूया का? अजून पाणीच आलंय, ऑर्डर दिलेली नाही.

आत्या: का रे? पंखा बरा आहे, खुर्चीला पाठ आहे, शेजारच्या टेबलावरून वासही चांगला येतोय. बिनसलं कुठे?

निनाद: हे वाच. पनीर सुवलाकी! सुवलाकी म्हणजे मांसाचे तुकडे लिंबू, ऑलिव्ह तेल, ओरेगानो लावून सळईवर भाजलेले. ग्रीसमध्ये बहुतेक वेळा डुकराचे. आणि ही तंदुरी त्झात्झिकी बघ. त्झात्झिकी म्हणजे दही-काकडीची चटणी, थंड, पांढरी, लसणाची. तिच्यात तंदूर कुठून घुसला?

आत्या: गिऱ्हाइकाच्या जिभेवरून घुसला. या गल्लीत डुकराचं मांस ठेवलं तर निम्मी टेबलं रिकामी राहतील. गोवंशाच्या मांसाला राज्यात २०१५ पासून बंदी. मग हॉटेल काढणाऱ्या त्या पोरानं काय करावं?

निनाद: चिकन आहे, बोकडाचं मटण आहे. ग्रीक लोक चिकनची सुवलाकीही खातात. शाकाहारी माणसाला द्यायला त्यांच्याकडे दुसरे पदार्थ आहेत. आणि माझं भांडण पनीरपेक्षा बाहेरच्या पाटीशी आहे. ‘अस्सल ग्रीक चव’ असं लिहिलंय. अस्सल म्हणायचं आणि मग वाटेल ते द्यायचं, ही फसवणूक झाली.

आत्या: तुझ्या ग्रीकांचं अस्सल किती जुनं आहे, ते एकदा बघूया. मुसाका घे. वांग्याच्या आणि खिम्याच्या थरांवर तो पांढरा जाड सॉस असतो ना? तो निकोलाओस त्सेलेमेंतेस नावाच्या आचाऱ्यानं विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत चढवला. माणूस व्हिएन्नात शिकलेला, अमेरिकेत काम केलेला. ग्रीक स्वयंपाकावरची तुर्की छाप त्याला पुसायची होती, म्हणून त्यानं फ्रेंच सॉस आणला. टोमॅटो तर अमेरिका खंडातला. ग्रीसमध्ये तो एकोणिसाव्या शतकात रुळला. म्हणजे सॉक्रेटिसानं ग्रीक सॅलड खाल्लेलं नाही.

निनाद: तू हे सगळं कधी वाचलंस?

आत्या: निवृत्त झाल्यावर मी नुसती सुडोकू सोडवते असं वाटलं तुला? पुढे ऐक. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्ताननं माणसांची अदलाबदल केली. धर्म बघून. बारा लाखांच्या आसपास ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आले आणि चारेक लाख मुसलमान तिकडे गेले. उभ्या सळईवर फिरणाऱ्या मांसाची रीत या निर्वासितांबरोबर ग्रीसमध्ये पसरली. त्याला आज जग ‘गिरोस’ म्हणतं आणि ग्रीकांची ओळख मानतं. आणि ती थंड फेसाळ फ्रापे कॉफी? १९५७ साली थेस्सालोनिकीच्या व्यापारी जत्रेत नेस्लेच्या दिमित्रिस वाकोंदिओस नावाच्या कर्मचाऱ्याला कॉफीची तल्लफ आली, गरम पाणी मिळेना. चॉकलेटचं पेय घुसळायच्या भांड्यात त्यानं झटपट कॉफी आणि थंड पाणी घालून हलवलं. झालं ग्रीसचं आवडतं पेय तयार. मग पनीरनंच काय घोडं मारलंय?

निनाद: यात एक फरक आहे. त्सेलेमेंतेसनं वर सॉस ओतला तेव्हा खालचा मुसाका त्याच्या ओळखीचा होता, खाणाऱ्याच्याही ओळखीचा होता. काय बदललं हे दोघांनाही कळत होतं. इथे मेनूकार्डावर तंदुरी त्झात्झिकी आहे, पुदिना त्झात्झिकी आहे, साधी मात्र नाहीच. ज्याची ओळखच करून दिली नाही त्याचं रूपांतर कसलं करताय? निर्वासितांनी आणलेलं मांस ते लोक पिढ्यान् पिढ्या खात होते. या तंदुरी त्झात्झिकीला असं खाणारं घर कुठलं? ती कागदावर जन्मली.

आत्या: हे पटण्यासारखं आहे. तरी मी तुला पुण्यातलीच गोष्ट सांगते. आपले इराणी. यझ्द, केरमानकडून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढे विसाव्यात लोक मुंबईला आले, काही पुण्याला आले. झरथुष्ट्री होते, मुसलमान होते. त्यांच्या मुलुखात चहा बिनदुधाचा, साखरेचा खडा तोंडात धरून प्यायचा. इथे त्यांनी काय विकलं? घट्ट दुधाचा गोड चहा, बनमस्का, ऑम्लेट, खिमा. डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं. फर्ग्युसनच्या किती पिढ्या तिथे बसून पास झाल्या आणि नापासही झाल्या. इराणचा फेसिन्जान की काय तो डाळिंबाचा रस्सा गुडलकमध्ये मागून बघ.

निनाद: आणि वैशाली?

आत्या: तेच. जगन्नाथ शेट्टी दक्षिण कन्नडमधून आले. डोसा-इडली आणली. पण वैशालीत पोरं धावतात ती एसपीडीपीसाठी. शेव, बटाटा, दही, पुरी. उडुपीत असला पदार्थ कोण करतो? गल्लीतलं हॉटेल गल्लीला कान देतं म्हणून जगतं. तू मेलबर्नला होतास, तिथल्या ग्रीकांनी काय केलं?

निनाद: तेही तुझ्याच बाजूचं निघेल. पण सांगतो. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियात गावोगाव ग्रीकांचे कॅफे होते. देत काय? स्टेक, अंडी, चिप्स, मिल्कशेक. स्वतःचं जेवण ते मागच्या खोलीत जेवायचे. पुढे गिऱ्हाईक गोऱ्यांचं, आणि गोऱ्यांना लसणाचा वासही नको असायचा. न्यूयॉर्कच्या ग्रीक डायनरांचीही तऱ्हा तीच, दिवसभर अंडी आणि बर्गर. कॅनडात तर सॅम पानोपोलोस नावाच्या ग्रीकानं १९६२ साली पिझ्झ्यावर अननस टाकला.

आत्या: बघ! तुझाच साक्षीदार फुटला.

निनाद: फुटला नाही, अजून त्याची उलटतपासणी व्हायची आहे. यातल्या कोणी बाहेर ‘अस्सल ग्रीक’ असं लिहिलं होतं का? गुडलकनं ‘अस्सल इराणी भोजन’ असा फलक लावला होता का? ते चहावाले होते, तसंच सांगत होते. गिऱ्हाइकाला जे हवं ते विकलं आणि त्याला आपल्या देशाचं नाव चिकटवलं नाही. आणि ज्यांना स्वतःचं काही द्यायचं होतं त्यांचं उदाहरणही तुझ्याच कॅम्पात आहे. दोराबजी अँड सन्स. १८७८ पासून चाललंय. धनसाक, सली बोटी. पेठेतल्या माणसाला चालावं म्हणून त्यांनी धनसाकाचं वरण केलं नाही. तरी टिकलं.

आत्या: दोराबजींना आजूबाजूला पारशी वस्ती होती. बाणेरमध्ये ग्रीक वस्ती कुठाय? नुसत्या पारशांवर ते चाललं असं नाही म्हणत मी, पण सुरुवातीला चव सांभाळणारी, नाकं मुरडणारी माणसं तरी होती. इथे चूक दाखवायला कोण येणार? तू एकटा.

निनाद: म्हणूनच जबाबदारी मालकावर जास्त येते. ओकलीत, म्हणजे मेलबर्नच्या एका उपनगरात, ईटन मॉल म्हणून पादचाऱ्यांची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना ग्रीक कॅफे, बेकऱ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि ग्रीसमधल्या यादवीनंतर जी माणसं आली, त्यांची नातवंडं आता तिथे बसतात. एखाद्या दिवशी त्झात्झिकीत पाणी सुटलेलं असलं तर पहिली तक्रार शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंची येते. आचारी सरळ राहतो तो त्यांच्या धाकानं. इथे तो धाक नाही, म्हणून स्वतःच स्वतःला धाक घालायला हवा.

(एवढ्यात, बोलता बोलता मागवलेलं ग्रीक सॅलड येतं. लेट्यूसची पानं, त्यावर मेयोनेज, मध्ये काळ्या ऑलिव्हच्या चकत्या, आणि कोपऱ्यात पांढऱ्या चीजचे चार फासे.)

निनाद: आता बोल. ग्रीक गावरान सॅलडमध्ये लेट्यूस नसतं. टोमॅटोच्या मोठ्या फोडी, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, आणि वर फेटाचा अख्खा तुकडा. ओरेगानो आणि तेल. शेवटी ताटलीत जो रस उरतो तो पावानं पुसून खायचा. हे मेयोनेज त्या रसात कालवलं की काय उरलं?

आत्या: मेयोनेजची वकिली मी करणार नाही. ते काढून टाक. पण फेटाचं काय? परदेशातून आलेला तुकडा या पोरानं वापरला तर या सॅलडची किंमत काय होईल? मग आपण इथे वाढदिवसाला येऊ, दर आठवड्याला नाही. आणि दर आठवड्याला येता आलं नाही तर ते गल्लीतलं हॉटेल कसलं?

निनाद: फेटाला युरोपात कायद्याचं संरक्षण आहे. २००२ साली ते नाव ग्रीससाठी राखून ठेवलं. जर्मनी आणि डेन्मार्क भांडले, २००५ साली युरोपच्या न्यायालयानं ग्रीसच्या बाजूनं निकाल दिला. किमान सत्तर टक्के दूध मेंढीचं, उरलेलं शेळीचं, आणि निदान दोन महिने मुरायला हवं. हे गाईच्या दुधाचे फासे फेटा नव्हेत.

आत्या: मग त्याला ‘खारवलेलं चीज’ म्हणावं आणि पुढे जावं. गाईच्या दुधाचं असेना, आंबट-खारट लागलं म्हणजे झालं. आपल्या डोंगरदऱ्यांतून धनगर मेंढ्या घेऊन फिरतात. उद्या कोणी त्या दुधाचं चीज इथेच मुरवलं तर तेही युरोपच्या कायद्यानं फेटा नसेल, पण मी ते आयात केलेल्या तुकड्याआधी खाईन.

निनाद: मीही खाईन. नाव खरं असलं की माझी तक्रार संपते. जवळचं वापरायला माझा कधीच विरोध नव्हता. त्झात्झिकीसाठी परदेशी धाटणीचा योगर्टचा महाग डबा कशाला फोडायचा? पुण्यात चक्का किलोवर मिळतो. चितळ्यांच्या दुकानात जा. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळायची. लसूण, ऑलिव्ह तेल, थोडं व्हिनेगर. आणि वरून शेपू.

आत्या: शेपू?

निनाद: शेपूच. ग्रीक स्वयंपाकात शेपू जागोजागी असतो. पालक भरलेल्या ‘पाय’मध्ये, पावट्यासारख्या शेंगांत, भातात. आपल्या मंडईत ढिगानं मिळणारी आणि निम्म्या घरांत नाक मुरडलं जाणारी भाजी. इथल्या आचाऱ्यानं तिला हात लावला नाही आणि तंदुरी मसाला आणला. माझा राग याचाच आहे. जवळचं सोडून लांबचं उचललं.

आत्या: आता तू माझ्या बाजूनं बोलायला लागलास. बरं, मला एक सांग. ग्रीक लोक मांस खात नाहीत असे दिवस असतात की नाही? ख्रिस्ती असले तरी जुन्या पंथाचे आहेत.

निनाद: असतात म्हणजे? कडक पाळणाऱ्याचे वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस उपवासाचे. बुधवार आणि शुक्रवार. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास, नाताळच्या आधीचा, ऑगस्टमधला मारियामातेचा. मांस नाही, दूध नाही, अंडी नाहीत, काटा असलेले मासे नाहीत. काही दिवशी तेलसुद्धा नाही. माकूल, कोळंबी मात्र चालते, कारण त्यांच्यात रक्त नाही असं मानतात.

आत्या: हे कोकणात कळू देऊ नकोस. श्रावणाची पंचाईत होईल. मग त्या दिवशी खातात काय?

निनाद: फासोलादा, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं दाट सूप, गाजर आणि सेलरी घालून. गिगांतेस, म्हणजे मोठ्या पांढऱ्या बिया टोमॅटोत घालून भट्टीत मुरवलेल्या. आपल्याकडे डबल बी मिळते, ती चालेल. सिफ्नोस नावाच्या बेटावर छोले मातीच्या मडक्यात घालून शनिवारी रात्री भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्चहून येताना घेऊन येतात. पालक-भात. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. सान्तोरिनीची फावा, म्हणजे पिवळी डाळ शिजवून घोटायची, वर कच्चा कांदा आणि तेल. ती डाळ कुठली माहितीये? आपल्या विदर्भातल्या लाखोळीची चुलतबहीण.

आत्या: थांब. मग या माणसाच्या मेनूकार्डावर पनीर कशाला आहे?

निनाद: तेच तर मी मघापासून...

आत्या: नाही, तू मघापासून मांसाचं बोलत होतास. डुकराचं की बोकडाचं. तुझ्या डोक्यात ग्रीक जेवण म्हणजे सळईवरचं मांस, आणि या मालकाच्याही डोक्यात तेच. त्यानं फक्त मांसाच्या जागी पनीर खोवलं. ग्रीकांची आजी बुधवारी काय शिजवते ते तुम्हा दोघांपैकी एकालाही आधी आठवलं नाही. पुण्यात निम्मी गिऱ्हाइकं शाकाहारी, उरलेली चतुर्थीला शाकाहारी. त्यांच्यासाठी अर्धं ग्रीक स्वयंपाकघर आयतं तयार आहे आणि त्यात काहीही बदलायला नको.

निनाद: ...हे मला मान्य आहे. उपवासाचं जेवण त्यांच्याकडे हॉटेलात कमी आणि घरात जास्त असतं, म्हणून फोटोत येत नाही. मालकानं बहुतेक फोटो बघून मेनू केला.

आत्या: आणि द्राक्षाची पानं? नारायणगाव इथून दोन-अडीच तासांवर. जुन्नर तालुक्यात द्राक्षबागा आहेत, नाशिक-सांगलीत तर विचारू नकोस. छाटणीला ढीग पडतो.

निनाद: ती पानं अशीच उचलून चालणार नाहीत. द्राक्षाइतकी फवारणी क्वचितच कुठल्या पिकावर होते. एखाद्या शेतकऱ्याला आधीच सांगून बिनफवारणीची चार ओळी वेल ठेवून घ्यावी लागेल. कोवळी पानं खुडायची आणि मिठाच्या पाण्यात ठेवायची. पण होण्यासारखं आहे.

आत्या: तेलाचं?

निनाद: इथे मी हटणार नाही. या भाज्यांना ते ‘लादेरा’ म्हणतात, कारण त्या तेलातच शिजतात. ऑलिव्ह तेल हा त्यातला मसालाच समज.

आत्या: राजस्थानात थोडी लागवड आहे, तेवढी सोडली तर सगळं तेल बाहेरून येतं. पातेलंभर ओतलं तर या बियांचा भाव मटणाच्या वर जाईल. शिजवायला शेंगदाण्याचं आणि वरून कच्चं ऑलिव्हचं घालावं.

निनाद: शेंगदाण्याचा वास दडत नाही.

आत्या: मग सूर्यफुलाचं. पण तुझ्या शुद्धतेचं बिल गिऱ्हाइकानं का भरावं?

निनाद: आणि तुझ्या काटकसरीचं बिल पदार्थानं का भरावं? हा मुद्दा आपण इथेच ठेवू, तो मिटणार नाही.

(वेटर येऊन विचारतो, “अजून काही, सर? बिल आणू?” टेबलावर निम्मं जेवण तसंच आहे.)

आत्या: हे बघ. पनीरपेक्षा मला हे जास्त खटकतं.

निनाद: ताव्हेर्नात, म्हणजे ग्रीक खाणावळीत, बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. तिथे ताटल्या एकदम मागवायच्या नसतात. दोन मागवायच्या, मध्ये ठेवायच्या, सगळ्यांनी त्यातूनच खायचं, गप्पा रंगल्या की आणखी एक. तुझं-माझं असं ताट नसतं. म्हातारा मालक मधूनच येऊन बसतो. रात्रभर टेबल तुमचं.

आत्या: इराण्याकडेही तेच होतं. संगमरवरी टेबल, एक चहा, दोन तास. कविता झाल्या, कामगार युनियनच्या बैठका झाल्या, लग्नं ठरली. आता गर्दीच्या वेळी तिथेही मागचा माणूस खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असतो. भाडी इतकी वाढली की कुणाला दोन तास एका चहावर परवडत नाहीत.

निनाद: शिवाय घरपोच. ॲपवाल्यांचं कमिशन जातं, पिटा डब्यात घामेजून चामडं होतो, आणि मालकाला वाटतं टेबलं कमी केलेली बरी. टेबलं कमी झाली की ग्रीक जेवणातलं ग्रीक काय राहिलं? मधल्या ताटल्या आणि गप्पा गेल्या, डबा उरला.

आत्या: यावर तू चिडत नाहीस? पनीरवर मात्र दहा मिनिटं!

निनाद: चिडतो ना. पण भाड्यावर मेनूकार्डात उपाय नाही.

आत्या: घड्याळात आहे. दुपारी चार ते सात ही जागा रिकामी असते. त्या वेळी बसू द्यावं. कॉफी, एक गोड, वाटल्यास वाटीभर फावा आणि पाव. दारूचा परवाना छोट्या हॉटेलाला परवडत नाही, तर नसू दे. ग्रीसमध्येही नुसत्या कॉफीची दुकानं असतातच.

निनाद: कॅफेनिओ. म्हातारे दिवसभर पट खेळत बसतात.

आत्या: इथेही बसतील. पुण्यात म्हाताऱ्यांना कट्टे खूप आहेत, पाठीला टेका असलेली खुर्ची कमी. संध्याकाळी त्यांची सुना-नातवंडं जेवायला येतील. आणि इतिहासाच्या बाईला इतिहास सांगू दे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब यवनांनी दिलेत, धेनुकाकट गावच्या. जुन्नरच्या लेण्यांतही यवनांची दानं कोरलेली आहेत. एकानं पाण्याची टाकी दिली. आणि चिट नावाच्या एका यवनानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. इसवी सनाच्या पहिल्या एक-दोन शतकांतली गोष्ट.

निनाद: म्हणजे पुणे जिल्ह्यातलं पहिलं ग्रीक हॉटेल!

आत्या: उड्या मारू नकोस. यवन म्हणजे थेट ग्रीक, की पश्चिमेकडून आलेले कोणीही, यावर अभ्यासकांत वाद आहे. नावं तर इथलीच वाटतात. आणि संघाला दिलेल्या मंडपात बिल नसतं. पण एक लक्षात घे. बाहेरून आलेल्या, इथे पैसा कमावलेल्या माणसाला काहीतरी द्यावंसं वाटलं, तेव्हा त्यानं जेवायला बसण्याची जागा दिली. तिथे काय शिजत होतं हे कुठे लिहिलेलं नाही. इथलंच शिजत असणार.

निनाद: तरी मी म्हणेन, जागा देणाऱ्यानं ‘अस्सल’ अशी पाटी लावली नव्हती. स्वतःचं नाव आणि काय दिलं ते, एवढंच कोरलं.

आत्या: मग या पोरालाही तेच सांगूया. पाटीवर स्वतःचं नाव घाल, आणि जे शिजवतोस त्याचं खरं नाव.

दोघांचं एकमत झालं असं नाही. तेलाचा प्रश्न तसाच राहिला, आणि चांगलं पनीर चांगलं भाजलं तर काय बिघडतं, हे वसुआत्या शेवटपर्यंत म्हणतच होत्या. पण दोघांच्या भांडणातून जो निकाल निघतो तो मला बरोबर वाटतो. परक्या मुलुखाचं जेवण गल्लीत रुजवायचं तर किंमत, वेळ आणि बसण्याची मुभा गल्लीच्या सोयीनं ठरवावी. तिथे ताठरपणा नको. पदार्थाला मात्र आधी त्याच्या मूळ रूपात एकदा तरी ताटात येऊ द्यावं, मग हवं तर त्याच्याशी खेळावं. शाकाहारी गिऱ्हाईक सांभाळायला मसाला बदलण्याआधी त्या लोकांचं उपवासाचं स्वयंपाकघर धुंडाळावं. तिथे बहुतेक उत्तरं सापडतात.

आणि वाचकांनो, तुमच्या गल्लीत असं हॉटेल उघडलं तर पहिल्याच दिवशी ‘तिखट करून द्या’ म्हणू नका. साधी त्झात्झिकी मागा, डबल बी शिजली आहे का विचारा, ताटल्या मध्ये ठेवा. आवडलं नाही तर मालकाला तोंडावर सांगा. ओकलीतल्या आजीबाईंचं काम इथे तुम्हालाच करायचं आहे. आवडलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. पहिली फेरी कुतूहलाची असते. हॉटेल चालतं ते दुसऱ्या फेरीवर.